फ्रांकनची कोरडी झिल्वानर आणि तिच्याबरोबर काय खावं

माईनकाठी | ३ मे, रात्री ९:४०

जर्मन वाईनचा विषय निघाला की आपल्या मंडळींकडून दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "रीसलिंग का?" आणि दुसरं, "गोड असते हो ती." व्युर्त्सबुर्गमध्ये दुसरं वाक्य मोठ्याने बोललात तर शेजारच्या टेबलावरचे आजोबा मान वळवून बघतील. म्हणून हा धागा.

फ्रँकफर्टहून आगगाडीने पूर्वेला तासाभरापेक्षा थोडं जास्त गेलं की व्युर्त्सबुर्ग येतं. हा फ्रांकन प्रांत. कागदोपत्री बव्हेरियातच, पण म्युनिकची बिअर इथे दुय्यम. माईन नदीच्या वळणांवर, उतार धरून द्राक्षमळे. स्टेशनवर उतरून वर बघितलं की समोर अख्खी टेकडी वेलींनी भरलेली दिसते, ती व्युर्त्सबुर्गर श्टाइन. इथल्या साधारण पाव जमिनीवर झिल्वानर नावाचं पांढरं द्राक्ष आहे आणि त्याची वाईन इथे जवळजवळ नेहमी कोरडीच, म्हणजे गोड नसलेली, करतात.

चव कशी? पहिल्या घोटात काही विशेष वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. रीसलिंगसारखा (तेही पांढरं द्राक्षच) फुलांचा, जर्दाळूचा घमघमाट नाही. थोडं नाशपाती, थोडं हिरवं सफरचंद, ओलं गवत आणि मागे एक मातकट-खडूसारखी छटा. आंबटपणा रीसलिंगपेक्षा मवाळ. नुसती पिऊन गुण द्यायचे तर दहापैकी सहा. जेवणाबरोबर मात्र नऊ. ताटातल्या पदार्थाच्या आड न येणं हाच तिचा गुण, आणि तो ताट समोर आल्याशिवाय कळत नाही.

सध्या इथे श्पार्गेलचा, म्हणजे पांढऱ्या ॲस्परॅगसचा मोसम आहे. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत सगळा देश हेच खातो. मातीचे उंच वरंबे करून कोंब झाकून ठेवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून ते पांढरे राहतात. बाजारात ताजे ओळखायची खूण म्हणजे दोन कोंब एकमेकांवर घासायचे. करकर वाजले पाहिजेत. घरी आणले की ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. सोलताना शेंड्याच्या जरा खालून सुरुवात करून बुडाकडे जायचं आणि सोलाण्याला हात आखडायचा नाही, कारण एक धागा राहिला तरी दातात येतो. सालं फेकू नका. ती पाण्यात उकळून गाळून घ्या, त्यात मीठ, चिमूटभर साखर, लोण्याचा गोळा घाला आणि त्याच पाण्यात कोंब शिजवा. जाडीप्रमाणे दहा-पंधरा मिनिटं. बरोबर उकडलेले नवे बटाटे, हॉलंडेज सॉस (अंड्याचा बलक, लोणी, लिंबू), हवं तर हॅम. फ्रांकनमध्ये हॅमऐवजी भाजलेलं सॉसेजही देतात.

ही भाजी वाईनच्या बाबतीत फार खोडकर. तिच्यात गंधकाची संयुगं असतात आणि हलका कडवटपणा. तांबडी वाईन घेतलीत, किंवा ओकच्या पिंपात मुरलेली, किंवा फार आंबट, तर तोंडात पत्रा चाटल्यासारखी चव येते. झिल्वानरचा आंबटपणा सौम्य, लाकडाचा वास बहुधा नाही, आणि तिची स्वतःची छटा गवताची. त्यामुळे दोघींचं जमतं. हॉलंडेजचं लोणी कापण्यापुरता आंबटपणा तिच्यात असतोच.

बाकी, आपल्या जेवणाबरोबर काय जमतं यावर माझी मतं आहेत, पण आधी तुमची ऐकतो.

कोकमकढी | ३ मे, रात्री १०:१५

छान लिहिलंय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

दुकानात उभं राहिल्यावर कोरडी कोणती हे ओळखायचं कसं? मी एकदा श्पेटलेझे लिहिलेली आणली होती, ती चांगलीच गोड निघाली. त्यामुळे श्पेटलेझे = गोड असं धरून चालले आहे.

माईनकाठी | ३ मे, रात्री १०:५२

@कोकमकढी, धन्यवाद. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे शब्द द्राक्षं तोडली तेव्हा किती पिकलेली होती ते सांगतात. रसातली साखर किती हे त्यावरून ठरतं. पुढे ती सगळी साखर आंबवून दारू करायची की थोडी ठेवायची हे वाईन करणाऱ्याच्या हातात. त्यामुळे श्पेटलेझे गोडही असते आणि कोरडीही. लेबलवर ट्रोकन, म्हणजे कोरडी, हा शब्द शोधायचा. नियम असा की लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ती ट्रोकनच. ९ ग्रॅमपर्यंतही चालते, पण तेव्हा साखर आम्लतेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त नको. म्हणजे आम्लता ६ असेल तर साखर ८ पर्यंत. फ्रांकनमधले जुने लोक ही सवलत मानत नाहीत, ४ च्या वर गेली की त्यांच्या लेखी ती कोरडी नाही.

हाल्बट्रोकन म्हणजे अर्धवट कोरडी, साधारण १८ ग्रॅमपर्यंत. फाइनहेर्ब लिहिलं असेल तर त्याला कायद्याची व्याख्याच नाही, थोडी गोडसर धरून चाला.

काहीच कळलं नाही तर अल्कोहोलचा आकडा बघा. ८-९ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे. १२ च्या वर असेल तर बहुतेक कोरडी.

राईनवाला | ४ मे, सकाळी ८:०५

सकाळी सकाळी वाईनचा धागा! आवडला, पण थोडी भांडायची परवानगी द्या.

एक, झिल्वानर फ्रांकनची म्हणून मिरवता, पण हेक्टर मोजले तर आमच्या राईनहेसनमध्ये ती जास्त आहे. दोन, जर्मन वाईन गोड हा समज कुठून आला तेही लिहा की. लीबफ्राउमिल्श! मूळ नाव वोर्म्सच्या लीबफ्राउएन चर्चभोवतीच्या मळ्यांचं. नंतर राईनकाठची कुठलीही गोडसर, स्वस्त मिश्र वाईन त्या नावाने जगभर गेली. म्युलर-थुर्गाऊ आणि केर्नर या द्राक्षांबरोबर बिचारी झिल्वानरही त्यात ओतली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मनीत सगळ्यात जास्त लावलं जाणारं द्राक्ष झिल्वानर होतं. मग जास्त उतारा देणारी म्युलर-थुर्गाऊ आली आणि हिची जागा गेली.

आणि तीन: खाण्याबरोबर झिल्वानर चांगली हे मान्य, पण कोरडी रीसलिंग खाण्याबरोबर कमी पडते असं सूचित करताय ते नामंजूर. तुपकट डुकराचं मांस आणि आंबट कोबी समोर असताना तुमची झिल्वानर झोपी जाते.

माईनकाठी | ४ मे, दुपारी १२:३०

@राईनवाला, हेक्टरचं बरोबर. तुमच्याकडे ती जास्त लावतात, आमच्याकडे तिचं जास्त कौतुक करतात.

चरबीच्या मांसाबाबतही मान्य. खांद्याचं डुक्कर, ज्याला इथे शॉयफेले म्हणतात, कुरकुरीत कातडीसकट येतं, त्याच्यापुढे साधी झिल्वानर फिकी पडते. शेलकोळशाच्या, म्हणजे मुशेलकाल्कच्या चांगल्या मळ्यातली, दोन-तीन वर्षं मुरलेली ग्रोसेस गेवेक्स (सर्वोत्तम मळ्यांतली, वरच्या दर्जाची कोरडी वाईन) असेल तर ती टिकते. पण त्या किमतीत तुमची रीसलिंग येते हेही खरं. (शेलकोळसा नव्हे, शिंपल्यांचा चुनखडक! मोबाइलने घात केला.)

जुनं_खोड | ४ मे, दुपारी ३:२०

इतिहासाची थोडी भर.

झिल्वानर जर्मनीत आल्याची पहिली नोंद १६५९ ची, कास्टेल इथल्या सरदार घराण्याच्या दप्तरात. तीस वर्षांचं युद्ध १६४८ ला संपलं होतं, मळे उजाड झाले होते, आणि ऑस्ट्रियाकडून रोपं आणली गेली. सहा वर्षांनी, १६६५ मध्ये, एब्राख मठाच्या आल्बेरिख डेगेन या मठाधिपतीने ती व्युर्त्सबुर्गच्या श्टाइनवर लावली. रोपं ऑस्ट्रियाहून आली या कहाणीला हल्लीच्या डीएनए तपासणीने दुजोराच दिला. आईबाप म्हणजे ट्रामिनर आणि ऑस्टराइशिश वाइस, ही दुसरी जात जवळपास नामशेष झालेली.

श्टाइनची जी दंतकथा झालेली बाटली आहे ती १५४० ची. त्या वर्षी युरोपात भयंकर दुष्काळ आणि उन्हाळा होता, द्राक्षं कमालीची पिकली. ती वाईन १९६१ मध्ये लंडनला ह्यू जॉन्सन या वाईनलेखकाने चाखली आणि चारशे वर्षांनंतरही तिच्यात जीव होता असं लिहून ठेवलं.

पेठेतला | ४ मे, दुपारी ३:४१

म्हणजे १५४० ची ती वाईन झिल्वानर नव्हती.

जुनं_खोड | ४ मे, दुपारी ४:०२

नव्हतीच. झिल्वानर पुढच्या शतकातली. तरी व्युर्त्सबुर्गचा गाइड दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो आणि पर्यटक मान डोलावतात. हलके घ्या.

जर्मन कवी गटेला व्युर्त्सबुर्गची वाईन इतकी आवडायची की त्याने १८०६ मध्ये क्रिस्टियानेला (पुढे त्याची बायको झाली ती) पत्र लिहून आणखी बाटल्या मागवल्या, दुसरी कुठली रुचत नाही म्हणून.

सरळमार्गी | ४ मे, सायंकाळी ६:१०

मराठी संस्थळावर दारूचे धागे वाढत चालले आहेत. चालू द्या.

कोकमकढी | ४ मे, सायंकाळी ६:१८

@सरळमार्गी, श्पार्गेल सोलायची कृतीही आहे, ती तरी वाचा.

माईनकाठी | ४ मे, रात्री ८:३०

सरळमार्गी यांना थोडा दिलासा. इथल्या दोन मोठ्या वायनरी मुळात धर्मादाय संस्था आहेत. ब्युर्गरश्पिटाल १३१६ सालचं, आज वृद्धाश्रम चालवतं. युलिउसश्पिटाल १५७६ सालचं, रुग्णालयासाठी स्थापलेलं. दोन्हींच्या कामाला मळ्यांचं उत्पन्न जातं. त्यामुळे इथे ग्लास उचलताना पुण्य पदरात पडतं.

आणि हो, ती बाटली राहिलीच. फ्रांकनची चांगली वाईन चपट्या, पोटफुग्या बाटलीत येते, बोक्सबॉयटेल. १७२८ मध्ये व्युर्त्सबुर्गच्या नगरपालिकेने ठरवलं की ब्युर्गरश्पिटालची श्टाइनवाईन या बाटलीत भरून शहराची मोहोर लावून विकायची, म्हणजे भेसळ करणाऱ्याला चाप बसेल. दिसायला देखणी, टेबलावरून घरंगळत नाही, पण फ्रिजच्या दारात कुठल्याही कोनातून बसत नाही. आमच्याकडे ती भाज्यांच्या कप्प्यात कोथिंबिरीवर आडवी असते.

एर्लांगनकर | ५ मे, सकाळी ९:३५

माझे दोन पैसे. आमच्याकडे आइशग्रुंडचं कार्प. एर्लांगनच्या पश्चिमेला तळ्यांची रांगच्या रांग आहे. सप्टेंबर ते एप्रिल एवढाच मोसम, म्हणजे ज्या महिन्यांच्या नावात र आहे तेवढेच. मासा मधोमध उभा चिरून अर्धा भाग डोक्यासकट पिठात घोळवून भरपूर तुपात किंवा तेलात तळतात. ताटात येतो तेव्हा शेपूट ताटाबाहेर, आणि पर-शेपूट पापडासारखे कुरकुरीत. ते आधी मोडून खायचे. बरोबर बटाट्याचं सॅलड, ओलसर, व्हिनेगर-रस्सा घातलेलं.

बहुतेक लोक यावर बिअर घेतात. मी झिल्वानर घेते. तळणीचा जडपणा कापला जातो आणि कार्पला जी थोडी तळ्याची, मातीची चव असते ती हिच्याशी भांडत नाही. माझे मिस्टर मात्र बिअरवाले, त्यांना फरक पडत नाही.

व्युर्त्सबुर्गला गेलात तर मेफिशली खा. माईनमधले बोटाएवढे मासे, पिठात घोळवून तळलेले, डोक्यासकट अख्खे तोंडात. आपली मांदेली आठवणारच.

बोंबिल_फ्राय | ५ मे, सकाळी ११:१०

आता माझ्या आयडीला न्याय द्या. आमच्या मालवणी-आगरी ताटाबरोबर ही बाई नांदेल का?

माईनकाठी | ५ मे, रात्री ९:०५

@बोंबिल_फ्राय, तुम्ही विचारणार हे गृहीतच होतं. माझी मतं, पटली नाहीत तर हाणा.

तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चिथावतात. १३ टक्क्यांची कोरडी वाईन आणि मालवणी मसाल्याचं कोंबडीचं सुकं एकत्र घेतलंत तर जिभेला आग लागते, वर वाईन कडू लागते. त्यामुळे ठेचा, तांबडा रस्सा, झणझणीत तिखलं यांच्या वाटेला झिल्वानरने जाऊ नये. तिथे मोझेल नदीकाठची ११ टक्क्यांच्या आतबाहेरची फाइनहेर्ब रीसलिंग गार करून घ्या, साखरेने आग शमते.

दुसरी अडचण गुळाची. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन पातळ आणि आंबट लागते. चिंच-गुळाची आमटी, अळूवडी, कटाची आमटी इथे कोरडी वाईन हरते. अळूवडीचं मला वाईट वाटतं, पण नाही जमत.

जे जमतं ते फार छान जमतं. बोंबील जमतो. ओले बोंबील दाबून पाणी काढून, मीठ-हळद-लिंबू लावून, तांदळाच्या पिठात-रव्यात घोळवून तळा, मसाला बेताचा. बाहेरचा कुरकुरीतपणा, आतला लोण्यासारखा मऊपणा, आणि मग गार घोट. पापलेटही तसंच, पण मसाल्यात बुडवलेलं नको. कोथिंबीर वडी हा माझ्या मते या वाईनचा आपल्याकडचा सगळ्यात चांगला जोडीदार, कारण हिरव्या पाल्याशी हिचं मूळचंच जमतं. गूळ न घालता करा. सुरणाचे, बटाट्याचे काप. कोबीची ओलं खोबरं घातलेली साधी भाजी. मुगाच्या डाळीत शिजवलेली दुधी.

आणि वरण-भात-तूप-लिंबू.

पेठेतला | ५ मे, रात्री ९:११

वरणभाताबरोबर वाईन! हे वाचायला आजी हयात नाही हे बरं.

कोकमकढी | ५ मे, रात्री ९:४४

मला लॉजिक पटलं. हॉलंडेजमध्ये लोणी-लिंबू, इथे तूप-लिंबू. फक्त वरणात गूळ घालणाऱ्यांनी दूर राहावं, म्हणजे @पेठेतला.

सोलकढीबरोबर?

माईनकाठी | ५ मे, रात्री १०:०२

सोलकढी स्वतःच ग्लासात येते, तिला दुसरा ग्लास कशाला.

तसंच इथल्याही एका पदार्थाबरोबर मी झिल्वानर घेत नाही. ब्लाउए त्सिप्फेल, म्हणजे कांदा घातलेल्या व्हिनेगरच्या पाण्यात उकडलेली कच्ची सॉसेजं. स्थानिक लोक शपथेवर झिल्वानरच घ्या म्हणतात. मला त्या व्हिनेगरपुढे वाईन पाणचट लागते. तिथे मी बिअरवाल्यांच्या पक्षात.

अर्धाकप | ६ मे, दुपारी १:१५

पुण्यात कुठे मिळेल? नाहीतर आपल्या नाशिकची कुठली घ्यावी?

राईनवाला | ६ मे, दुपारी २:३०

@अर्धाकप, भारतात जर्मन वाईन दिसली तर बहुतेक रीसलिंग, आणि आयातकरामुळे किंमत बघून तहान मरते. झिल्वानर शोधत बसू नका. इकडून येणाऱ्याला सांगा. भारतात उतरताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त नेता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आरामात. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. बोक्सबॉयटेल चपटी असल्याने नेहमीच्या बाटलीपेक्षा बरी बसते, हे मात्र फ्रांकनवाल्यांना मानतो.

नाशिकची शेनिन ब्लां मवाळ असते पण बऱ्याचदा किंचित गोडसर, लेबल वाचून कोरडी निवडा. सोव्हिन्यों ब्लां कोरडी असते पण वास आणि आंबटपणा दोन्ही तीव्र. बोंबलाबरोबर शेनिनच घ्या.

अर्धाकप | ६ मे, दुपारी २:४८

धन्यवाद. किती गार करायची? आणि ग्लास?

माईनकाठी | ६ मे, सायंकाळी ७:२०

साधी असेल तर ८ ते १० अंश. भारी मळ्यातली असेल तर ११-१२, फार गार केली तर सगळा वास गोठतो. बर्फ घालू नका. ग्लास कुठलाही, फक्त साबणाचा वास नको. व्युर्त्सबुर्गच्या जुन्या पुलावर लोक संध्याकाळी कठड्याला टेकून उभ्या उभ्या पितात, त्याला ब्र्युकेनशॉपेन म्हणतात. ग्लासाची अनामत आधी भरायची, ग्लास परत केला की पैसे परत. वर दगडी संत, खाली माईन, समोर किल्ला आणि मळे.

एर्लांगनकर | ६ मे, रात्री ८:०५

आणि बूट चिकटतात, इतकी सांडलेली असते.

निवांत | ९ मे, सकाळी १०:३०

धागा आज वाचला. आम्ही दोघं जूनच्या शेवटच्या आठवड्यात व्युर्त्सबुर्गला येतोय, मुलगी तिथे शिकते. श्पार्गेल मिळेल का?

माईनकाठी | ९ मे, दुपारी १२:१५

@निवांत, तिकीट बदलता येत असेल तर २४ जूनच्या आधी या. त्या दिवशी योहानिस्टाग (संत योहानाचा सण), तोडणी थांबते. परंपरा आहेच, पण शेतीचंही कारण आहे. त्यानंतर कोंब वाढू दिले नाहीत तर रोपाला पुढच्या वर्षासाठी मुळांमध्ये अन्न साठवता येत नाही. नंतरही कुठे दिसला तर बाहेरचा असेल.

नाहीच जमलं तर हेकेनविर्टशाफ्ट शोधा. शेतकरी आपल्याच अंगणात किंवा कोठारात स्वतःची वाईन विकतो, बरोबर थंड मांस, चीज, पाव. वर्षातून चारच महिने परवानगी, जास्तीत जास्त चाळीस खुर्च्या. दाराला झाडाची डहाळी किंवा झाडू टांगलेला असेल तर उघडं आहे असं समजायचं. तुम्ही शाकाहारी असाल तर आधी कळवा, पावाबरोबर चीजच खावं लागेल.

निवांत | ९ मे, दुपारी १२:४०

शाकाहारी फक्त मी. ही सगळं खाते. तिकीट १९ चं करायला मुलीला सांगितलंय.